तुला सिंबल कमीच वाटायचे

मल्हारी, तुला जाऊन बारा दिवस झाले आणि तेवढ्यात तुझ्या कानांवर सहा लेख आले. हातांवर एकही नाही. तू ड्रम वाजवायचास हे लोकांना दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात आठवतं. आधी सगळ्यांना एकच सांगायचं असतं, की ‘पत्रा’ हा अल्बम ज्या कानानं मिक्स झाला तसा कान मराठी रॉकमध्ये पुन्हा झाला नाही. एका पठ्ठ्यानं तर तुझ्या कानाला सोनाराचा काटा म्हटलंय. तू वाचलं असतंस तर म्हणाला असतास, "सोनाराचा काटा व्हय? आरं, सोनारावर कुणी भरवसा ठेवतंय का?" आणि मग पुढचा लेख मला मोठ्यानं वाचायला लावला असतास. आपलं कौतुक दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला तुला फार आवडायचं, आणि ते तू लपवायचाही नाहीस.

मलाही लिहायला सांगितलं होतं. मी गिटारवाला, गाणी माझी, एकाच प्लांटमध्ये तुझ्याबरोबर जन्म काढलेला, तेव्हा मी लिहिलंच पाहिजे असा सगळ्यांचा आग्रह. मी नाही म्हणालो. त्यांना जे हवंय ते माझ्याच्यानं लिहवत नाही, आणि मला जे लिहायचंय ते तुलाच सांगायला हवं होतं. पंधरा वर्षं हाताशी होती. शिफ्टच्या बसमध्ये रोज पाऊण तास शेजारी बसायचो. तोंड उघडलं नाही.

सांगायचं ते एवढंच आहे. ‘पत्रा’ मिक्स करायला बसलास त्याच्या आधीच तुझे कान अर्धे गेलेले होते. वरचे बारीक आवाज तुला ऐकू येत नव्हते. मला ते माहीत होतं. तू मला सरळ विचारलंस, आणि मी तुला खोटं सांगितलं.

आता पहिल्यापासून सांगतो, नाहीतर म्हणशील, सुध्या नेहमीसारखा मधूनच गाणं धरतो.

वाळूजच्या त्या प्लांटमध्ये तू प्रेस शॉपला पत्रा ठोकायला होतास, मी टूल रूमला, प्रेसचे साचे म्हणजे डाय दुरुस्त करायला. एक दिवस तू आमच्या दारात येऊन उभा राहिलास आणि म्हणालास, "तीन नंबरची प्रेस आजारी हाय. डाय उघडून बघा." आमचा सुपरवायझर हसला. ऑपरेटर येऊन डायचं निदान सांगतोय म्हणजे काय! तू तिथून हललाच नाहीस. "आवाज बदललाय साहेब. काल ठण् म्हणत होती, आज ठण् म्हटल्यावर मागं बारीक काहीतरी रडतंय." शेवटी डाय उघडली, तर कोपऱ्यात केसाएवढी चीर. मी विचारलं, हे कुठं शिकलास? तू म्हणालास, मेंढरांत. अजिंठ्याच्या वरच्या अंगाला तुझ्या वडिलांची मेंढरं चरायची, आणि तू लहानपणी डोळे मिटून नुसत्या घंटीवरून सांगायचास, कोणतं जनावर कळप सोडून कुठल्या घळीत शिरलंय. ते ऐकून मला हेवा वाटला होता. आमच्या घरी चांगली तीस एकर शेती, मला पुण्याहून मागवलेली गिटार, आणि तार सुरात आहे की नाही ते मात्र मला मशीन बघून कळायचं.

म्हणून लेख लिहिणाऱ्यांचं अगदीच खोटं नाही. तसा कान तुला खरंच होता. पण तो ‘पत्रा’च्या वेळी नव्हता, त्याच्या सात-आठ वर्षं आधी होता. मधली वर्षं तू प्रेसच्या पुढ्यात उभा होतास. कानात घालायचे बोळे कंपनीनं दिलेले होते, ते तुम्ही सगळे गळ्यात ताईतासारखे अडकवून हिंडायचात. घातले तर प्रेसचा आवाज कळत नाही आणि बोट जातं, असं तुझं म्हणणं. ते मला तेव्हा पटायचं. आजही पूर्ण खोडून काढता येत नाही.

आपला बँड उभा राहिला तो एका गोष्टीवर. तुझी आणि माझी शिफ्ट एक होती. एक आठवडा पहिली, एक आठवडा दुसरी. पहिली असली की दुपारी वाजवायचं, दुसरी असली की सकाळी. बेस वाजवणारा दिगंबर मोकळाच होता, त्याच्या मामांचं गारखेड्याला मंडप डेकोरेशनचं काम, आणि त्यांच्या गोडाऊनमध्ये गाद्या, लोड, तक्के छतापर्यंत रचलेले. त्या गाद्यांमुळे आवाज बाहेर जायचा नाही आणि आत घुमायचाही नाही. मात्र लग्नसराई लागली की गाद्या बाहेर पडायच्या आणि खोली विहिरीसारखी बोलायला लागायची. म्हणून तू ठरवलंस, रेकॉर्डिंग पितृपक्षात करायचं. त्या पंधरवड्यात कुणाचं कार्य नाही, सगळ्या गाद्या घरात. दिगंबरची आई चिडली होती, पितरांच्या दिवसांत कुणी नवं काम काढतं का म्हणून. तू तिला म्हणालास, "मावशी, आमचे पितर मेंढरांमागं हिंडलेले. त्यांना पंचांग कुठं म्हाईत." ती हसली, आणि पंधरा दिवस तिनंच आपल्याला चहा पुरवला.

त्या पितृपक्षाच्या दीड-दोन महिने आधीची गोष्ट. एकदा गोडाऊनमध्ये माझं मनगटावरचं घड्याळ वाजलं. तासाला बारीक पीप-पीप करायचं ते. मी सवयीनं मान वर केली. तू माझ्याकडे बघत होतास आणि म्हणालास, "हल्ली वाजत नाय व्हय रे तुझं घड्याळ? सेल गेला काय?" ते वाजत होतं, मल्हारी. तू बोलत होतास तेव्हाही वाजत होतं. मी म्हणालो, हो, बदलायचा राहिलाय. का म्हणालो ते तेव्हा मलाही कळलं नाही. तुला वाईट वाटू नये म्हणून, असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो.

आणि मग ती व्हॅन आली. वर्षातून एकदा कामगारांचे कान तपासायला यायची. एकेकानं आत जायचं, कानाला हेडफोन लावायचे, काचेपलीकडचा माणूस बटण दाबणार, बीप ऐकू आली की बोट वर करायचं. रिपोर्ट वाईट आला तर प्रेस शॉपमधून काढून दुसऱ्या प्लांटला टाकायचे, आणि तिथल्या शिफ्टा आपल्या बरोबर उलट्या. हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी सकाळीच आत जाऊन आलो होतो. दुपारी कँटीनमध्ये तू ताट घेऊन समोर बसलास, पण जेवत नव्हतास. मला तुझा तो चेहरा अजून दिसतो.

"सुध्या, मला परत बोलावलंय तीन वाजता. आत मला काय ऐकूच येईना. तुला आलं का?"

मला सगळ्या बीप ऐकू आल्या होत्या. डासाएवढ्या बारीक, पण स्वच्छ.

"नाय रे," मी म्हणालो, "कुणालाच येत नाय. व्हॅन शेडच्या भिंतीला चिकटवलीय, प्रेसचा धडधडाट असतो. सगळे अंदाजानं बोट वर करतात."

"खरं म्हणतो?"

"मग काय! मी पण अंदाजानंच केलं."

तुझ्या चेहऱ्यावर जे आलं त्याला सुटका म्हणतात. आणि मी तिथं थांबलो नाही. तो बटण दाबणारा माणूस सकाळपासून कान तपासून कंटाळला होता, त्याचा हात आपोआप चालत होता. चार मोजायचे आणि दाबायचं. सहा दाबून झाले की थोडं थांबायचं, कागदावर खूण करायची, मग पुढचे सहा. मला बसल्या बसल्या ती लय लागली होती. मी चमच्यानं टेबलावर तुला ती वाजवून दाखवली. एकदाच. तुला दोनदा दाखवावं लागायचंच नाही.

तीन वाजता तू आत गेलास आणि एकही बीप न ऐकता सगळ्या बीपांना बोट वर केलंस. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, प्रेस शॉपमध्ये असे कान मी पहिल्यांदा बघतोय. आपण बसमध्ये पोट धरधरून हसलो. पुढं दर वर्षी तू तेच केलंस आणि बाहेर येऊन मला डोळा मारलास. खराब मशीनला आपण फसवतोय असं तुला वाटत होतं. फसवला जात होतास तू एकटा.

मी हे तुझ्या नोकरीसाठी केलं नाही, मल्हारी. तुझी नोकरी गेली नसती, नुसती जागा बदलली असती. मी माझ्या अल्बमसाठी केलं. गाणी तयार होती, गाद्या पितृपक्षात येणार होत्या, आणि तुझ्यावाचून ते होणार नव्हतं. तेव्हा मी तिशीचा होतो आणि मला दुसरं काही दिसत नव्हतं.

मिक्सिंगला तूच बसणार हे ठरलेलंच होतं. ऑर्केस्ट्रावाल्यांचे मिक्सर दुरुस्त करून करून तुला त्यातलं सगळं येत होतं, आम्हा दोघांना बटणांची नावंही नीट माहीत नव्हती. तू आठवडाभर त्या गाद्यांच्या मधोमध जुन्या कॉम्प्युटरपुढं बसलास. आम्ही ऐकायला आलो. पहिलं गाणं लागलं आणि दिगंबरनं कानावर हात ठेवले. सिंबल, ड्रमवरच्या त्या पितळी थाळ्या, अंगावर येत होते. हाय-हॅट करवतीसारखा. माझ्या गिटारच्या वरच्या तारा, गाताना घेतलेला श्वास, सगळं उघडं पडलेलं. तू ट्रेबल, म्हणजे वरचा बारीक आवाज, वाढवत वाढवत नेला होतास, कारण जिथपर्यंत वाढवला तिथं कुठं तुला ते सिंबल ऐकू यायला लागले होते.

"दात आंबले ना राव," दिगंबर म्हणाला, "कमी कर ते."

"कमी? मला तर वाटतंय अजून थोडा दाबलेलाच हाय." तू माझ्याकडे बघितलंस. "सुध्या, तू सांग. तू म्हणशील तसं."

सांगायची दुसरी संधी ही होती. मी म्हणालो, "मल्हारीच्या कानावर सोडा. त्याला कळतं." दिगंबर त्या दिवशी चहा न घेता निघून गेला.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. सीडी आपणच काढल्या आणि पहिली सीडी आपल्या शिफ्टच्या बसमध्ये लावली. दुसरं गाणं सुरू झालं तशी ड्रायव्हरनं बस कडेला घेतली, खाली उतरला आणि चाकापाशी वाकला. त्याला वाटलं ब्रेक लायनर घासतोय. सगळी बस हसत होती. तूही हसत होतास, पण मी बघत होतो, तुला विनोद कळलेला नव्हता. मग पुण्या-मुंबईचे लोक लिहायला लागले. आपल्या बँडचं नाव ‘प्रेस शॉप’, अल्बमचं नाव ‘पत्रा’, गाणी कारखान्यातली, तेव्हा तो आवाज मुद्दामच तसा ठेवलाय याबद्दल कुणालाच शंका आली नाही. एकानं लिहिलं, कामगाराच्या कानात दिवसभर जे ओतलं जातं ते या मंडळींनी ऐकणाऱ्याच्या कानात परत ओतलंय. दुसऱ्याला त्यात राग दिसला, तिसऱ्याला आख्खं मराठवाड्याचं औद्योगिकीकरण दिसलं. तेव्हापासून आजपर्यंत कुणी मराठी रॉकच्या निवडक अल्बमांची यादी करायला बसला की ‘पत्रा’ त्यात असतोच. सुरुवातीच्या याद्यांत आपण औरंगाबादचे होतो, आता संभाजीनगरचे आहोत, पण शेजारचं कौतुक शब्दाशब्दानं तेच.

आणि मी मुलाखती दिल्या. हो, आवाज जाणीवपूर्वक तसा ठेवला. हो, त्यावर आमची खूप चर्चा झाली. पहिल्यांदा म्हणताना जीभ जड झाली होती. पाचव्यांदा म्हणताना माझं मलाच खरं वाटायला लागलं. तू शेजारी बसून मान डोलवायचास आणि बाहेर आल्यावर विचारायचास, "ते सगळे सिंबल सिंबल कामून करतात रे? मला तर त्यात सिंबल कमीच वाटतात." मी म्हणायचो, लिहिणाऱ्यांना काहीतरी लिहावं लागतं, सोड. हेही पुष्कळदा झालं.

एक कबूल करतो. तो अल्बम चांगला आहे. तुझे कान धड असते तर आपला ‘पत्रा’ इतर चार अल्बमांसारखा गुळगुळीत झाला असता आणि दोन वर्षांत विसरला गेला असता. तुझा ठोका मात्र कानावर नव्हता, तो तुझ्या अंगात होता, आणि आजही तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर तू एक ठोका उशिरा आणतोस तिथं माझा ताल धरलेला पाय हवेतच थांबतो. मला गाणं ऐकायला तू शिकवलंस. मी नुसताच वाजवत होतो. त्या अल्बमनं मला जे नाव दिलं ते अर्ध्याहून जास्त तुझं आहे, हे मी सगळीकडे सांगत आलो. एवढं एक खरं सांगितलं.

आपलं भांडण झालं ते दुसऱ्या अल्बमवरून. मी तो मुंबईला मिक्स करायला दिला. तुला सांगितलं, अल्बम काढणाऱ्या कंपनीची अट आहे. तशी काही अट नव्हती. तोपर्यंत तुला फोनची रिंगसुद्धा ऐकू येईनाशी झाली होती आणि मला तुझ्या हातात पुन्हा मिक्सर द्यायची भीती वाटत होती. तयार झालेलं ऐकून तू एवढंच म्हणालास, "यात तर मी नायच." मग सीडी माझ्याकडे सरकवून, "मेंढरामागचा म्हणून आत घेतला नाय व्हय मला मुंबईच्या स्टुडिओत?" मी खवळलो. तुला वाटेल ते बोललो. हे तू माझ्याबद्दल बोलूच कसं शकतोस म्हणून आरडाओरडा केला, आणि त्या आरडाओरड्याच्या आड खरं कारण पुन्हा झाकून टाकलं. वर्षभर आपण एका बसमध्ये वेगवेगळ्या सीटांवर बसलो. पुढं बोलायला लागलो, पण तो विषय तू काढला नाहीस आणि मीही नाही. जातीपायी मित्रानं मला बाहेर ठेवलं, असं समजून तू गेलास का, मल्हारी? हा प्रश्न मला बारा दिवस झोपू देत नाहीये.

दुसरा अल्बम पडला. लिहिणाऱ्यांनी लिहिलं, यांची धार गेली. त्यामुळे ‘पत्रा’ अजूनच वर चढला. बँड विस्कटला, दिगंबर पुण्याला गेला, आपण दोघं पुन्हा नुसते प्रेस शॉप आणि टूल रूम.

पण अल्बमचं काय, तो मागं राहतो आणि लोक आपापलं ऐकतात. खरं नुकसान तुझ्या घरात झालं, आणि ते मी माझ्या डोळ्यांनी होताना बघितलं.

ऋतुजा पाचवीत-सहावीत असेल. मी तुझ्याकडे आलो होतो. तिला शाळेत भाषण करायचं होतं, ते बापाला म्हणून दाखवायला आली. आवाज लहानपणापासून बारीक, सुईसारखा. तू सोफ्यावर पुढं सरकून बसलास, लई कौतुकानं. तिनं सुरुवात केली आणि तुझ्या कपाळावर आठी आली.

"मोठ्यानं बोल बाई."

ती मोठ्यानं बोलली.

"तोंडातल्या तोंडात काय पुटपुटती? नीट बोल ना. शाळेत काय ऐकू येणार हाय का लोकांना?"

ती ओरडून बोलायला लागली. ओरडल्यावर आवाज अजून वर गेला, आणि तुझ्यापासून अजून लांब. "जाऊ दे, राहू दे," तू म्हणालास. ती कागदाची घडी करून आत गेली. सुनीता वहिनी मला म्हणाल्या, "बघा ना भाऊजी, पोरीवर सारखेच डाफरतात." मी चहा पीत होतो. म्हणालो, चिडका आहे तो पहिल्यापासून.

त्यानंतर ती तुझ्याशी बोलायची कमीच झाली. काही हवं असलं तर आईला सांगायची आणि आई तिच्या भरदार आवाजात तुझ्यापर्यंत पोचवायची. दोन वर्षांपूर्वी बसमध्ये तू मला म्हणालास, "पोरगी मपल्याशी बोलतच नाय रे. शिकली, शहाणी झाली. प्रेस मारणाऱ्या बापाची लाज वाटत असंल." तुझे डोळे खिडकीकडे होते. मी म्हणालो, वयच असतं तसं, येईल जवळ. त्या वेळी तुला सांगितलं असतं तर कानाला लावायचं यंत्र होतं, डॉक्टर होते, वेळ होता. सांगितलं असतं तर तू पहिला प्रश्न विचारला असतास, तुला कधीपासून म्हाईत हाय? त्याला भिऊन मी गप्प बसलो. आणि मग त्या सकाळी तू पहिल्या शिफ्टला निघालास, जिन्यात टेकलास तो उठलाच नाहीस, आणि ते सांगायचं राहिलंच.

परवा तुझ्या घरी जाऊन बसलो होतो. दहावं झालं, पाहुणे पांगलेत. वहिनी आत होत्या. ऋतुजा समोर येऊन बसली, हातात फोन. तिनं ते सहाच्या सहा लेख वाचलेत.

"काका, एक विचारू?"

"विचार ना."

"हे सगळे लिहितात, बाबांचा कान खूप बारीक होता. आवाजावरून त्यांना प्रेसमधली चीर कळायची. सिंबलचा एवढासा फरक कळायचा." ती फोनकडे बघून बोलत होती. "मग मी बोललेलं कसं कळायचं नाही त्यांना? मला वाटायचं, त्यांना ऐकायचंच नसायचं. मी भाषण केलं, कविता म्हटल्या, निकाल सांगितला. दरवेळी तोंड वाकडं. मुलगा हवा होता का त्यांना? तुम्ही त्यांचे सगळ्यात जुने मित्र. खरं सांगा, माझ्याबद्दल काय म्हणायचे ते?"

ते लेख तिच्या हातात होते, मल्हारी. माझ्याच मुलाखतींवरून लिहिलेले. तुझ्या कानाची जी थोरवी मी पंधरा वर्षं गात आलो, तिच्यावरूनच तुझ्या पोरीनं निष्कर्ष काढला होता, की एवढं ऐकू येणाऱ्या बापाला फक्त आपणच नकोशा होतो.

मी तिला सांगितलं. कँटीन, व्हॅन, चमचा, सगळं. ती लाज वाटते म्हणून बोलत नाही असं तुला वाटायचं, हेही सांगितलं.

"म्हणजे त्यांना ऐकू येत नव्हतं?"

"नाही."

"माझा आवाज?"

"तुझा तर सगळ्यात कमी. बारीक आवाजच जातात ना आधी."

तिनं दोन्ही हात तोंडावर धरले. ती रडत होती आणि हसतही होती, आणि इतक्या वर्षांत तिचा चेहरा एवढा मोकळा मी पाहिला नव्हता. "आई," तिनं हाक मारली, "आई, त्यांना ऐकूच येत नव्हतं गं! ते चिडायचे नाहीत माझ्यावर!" वहिनी हात पुसत दारात आल्या. सगळं ऐकून त्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मी दहांदा म्हणलं असंल, कान दाखवा एकदा डॉक्टरला. दरवेळी कपाटातून कंपनीचं ते कान तपासल्याचं कार्ड काढून माझ्या पुढ्यात धरायचे. म्हणायचे, वाच, काय लिहिलंय बघ."

मग ऋतुजानं डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं. मला कळलं, आता काय येणार. तुझ्याकडून यायचा तो प्रश्न आता ती विचारणार होती.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं, काका?"

मागच्या वर्षी कळलं, असं म्हणता आलं असतं. अगदी जिभेवर आलं होतं. कुणाला कळलंही नसतं.

"‘पत्रा’च्या आधीपासून," मी म्हणालो.

तिनं मनात हिशोब केला. तो करायला तिला वेळ लागला नाही.

"मी तेव्हा तीन वर्षांची होते," ती म्हणाली.